क्रेडिटचे आजोबा

मार्कशीट हातात आली की आपण सगळ्यात आधी काय बघतो? कुठे केटी लागली आहे का ते. मग ग्रेड. मग एसजीपीए. आणि मग शेजारच्याचा एसजीपीए! पण त्याच कागदावर एक रकाना असा असतो की ज्याच्याकडे कुणी ढुंकूनही बघत नाही. त्यात नुसते आकडे असतात. मॅथ्सला चार, ड्रॉइंगला तीन, लॅबला एक. त्याचं नाव क्रेडिट. आठवड्याला एक तास लेक्चर म्हणजे एक क्रेडिट, दोन तास प्रॅक्टिकल म्हणजे एक क्रेडिट, हा हिशेब फर्स्ट इयरला कुणीतरी सांगतं आणि इंडक्शन प्रोग्रॅमच्या समोशाबरोबर तो आपण पचवून टाकतो.

हा हिशेब कुणी काढला, याच्या मागे मी लागलो तो माझ्या मामेबहिणीमुळे. मामाची बदली झाली आणि ती नववी संपवून पुण्याहून थेट टेक्सासला गेली. तिथे दहावी-बारावीचं बोर्ड नाही. तिथे हायस्कूल पास होणं म्हणजे २२ क्रेडिट जमा करणं. इंग्लिशची ४, गणिताची ३, सायन्सची ३, समाजशास्त्रांची ३, दुसऱ्या भाषेची २, पीटीचं १, कलेचं १ आणि आपल्या आवडीच्या विषयांची ५. एखाद्या विषयगटात जास्त खोलात जायचं असेल तर एकूण २६. शिवाय ज्यांना झेपेल त्यांच्यासाठी एपी नावाचे कॉलेजच्या तोडीचे विषय. तिच्या पुण्याच्या नववीचं रीतसर मोजमाप झालं. मराठीला भाषेचं क्रेडिट मिळालं (आजीला याचा कोण आनंद!), पण अमेरिकेचा इतिहास मात्र तिला पहिल्यापासून करावा लागला. तिने मला पाठवलेली यादी वाण्याच्या यादीसारखी दिसत होती. एवढी डाळ, एवढा तांदूळ, एवढं तेल... आणि शेवटी डिप्लोमा!

ही यादी आली कुठून, म्हणून मी वाचत गेलो आणि जवळजवळ प्रत्येक वळणावर एकच गृहस्थ उभे दिसले. चार्ल्स विल्यम एलियट. एका काळी अमेरिकेतल्या शिकल्यासवरलेल्या घरात हे नाव माहीत नाही असं होत नसे. क्रेडिट त्यांनी एकट्याने शोधून काढलं असं नाही. पण ज्या रस्त्यावरून क्रेडिट आलं तो रस्ता बऱ्याच अंशी त्यांनी बांधला. आणि विशेष म्हणजे हे गृहस्थ मूळचे केमिस्ट्रीचे मास्तर, तेही एमआयटीचे. म्हणजे आपल्याच बिरादरीतले!

एलियट यांचा जन्म २० मार्च १८३४ चा, बोस्टनमधल्या एका बड्या घराण्यात. वडील सॅम्युअल एलियट बोस्टनचे महापौर होते आणि पुढे हार्वर्डचे खजिनदार. म्हणजे सोन्याचा चमचा तोंडात होताच. पण त्या तोंडावरच नियतीने एक खूण करून ठेवली होती. चेहऱ्याच्या उजव्या बाजूला मोठा तांबूस-काळसर जन्मडाग आणि त्यामुळे सुजलेला ओठ. लहानपणी मुलं चिडवायची. पोरं सगळ्या देशांत सारखीच. त्यांचे बहुतेक फोटो डाव्या बाजूने काढलेले दिसतात, त्याचं कारण हेच. माणूस पुढे एकलकोंडा, ताठ आणि थंड म्हणून ओळखला गेला, त्यात या डागाचा वाटा किती हे कोण सांगणार? पण लोक काय म्हणतील याची फिकीर न करता आपलं काम रेटायची सवय मात्र त्यांना लहानपणीच लागली असावी, असं मला वाटतं.

शिक्षण बोस्टन लॅटिन स्कूलमध्ये झालं. नावातच सगळं आलं. लॅटिन, ग्रीक आणि पाठांतर. १५ व्या वर्षी, १८४९ साली ते हार्वर्डमध्ये दाखल झाले. तिथेही बरंचसं तेच. आपण आज हार्वर्ड म्हटलं की टोपी काढतो, पण त्या काळचं हार्वर्ड म्हणजे जरा मोठी शाळाच होती. बहुतेक विषय सगळ्यांना सारखे. मास्तरांनी नाव पुकारायचं, पोराने उभं राहून धडा म्हणून दाखवायचा, मास्तरांनी वहीत मार्क टाकायचे, बसा खाली. पुढचा!

या सगळ्यात एलियटना एक दार उघडं सापडलं. जोसाया कुक नावाच्या केमिस्ट्रीच्या प्राध्यापकांच्या लॅबमध्ये त्यांना काम करायची मुभा मिळाली. अभ्यासक्रमात नसलेली गोष्ट, केवळ आवड म्हणून. स्वतःच्या हाताने प्रयोग करणं आणि पुस्तकातला प्रयोग म्हणून दाखवणं यातला फरक त्यांना तिथे कळला. त्यांच्या पुढच्या सगळ्या उद्योगाचं मूळ या लॅबमध्ये आहे. १८५३ मध्ये ते वर्गात दुसरे येऊन पदवीधर झाले, दुसऱ्या वर्षी हार्वर्डमध्येच गणिताचे ट्यूटर झाले आणि १८५८ मध्ये गणित व रसायनशास्त्राचे असिस्टंट प्रोफेसर. त्याच वर्षी लग्नही झालं. दरम्यान १८५७ च्या आर्थिक पडझडीत वडिलांचा व्यवसाय बुडाला होता. सोन्याचा चमचा गेला.

आणि मग तो दणका बसला, जो आपल्यापैकी प्रत्येकाला प्लेसमेंट सीझनमध्ये कधी ना कधी बसतो. १८६३ मध्ये रसायनशास्त्राचं मानाचं पद रिकामं झालं. एलियटना ते आपल्याला मिळेल अशी आशा होती. मिळालं वोल्कॉट गिब्ज यांना, जे संशोधक म्हणून सरस होते. खरं सांगायचं तर निवड योग्यच होती. एलियट मोठे शास्त्रज्ञ कधीच नव्हते. पण २९ व्या वर्षी, बायको आणि लहान मुलं पदरी असताना नोकरी सोडून बाहेर पडणं सोपं नव्हे.

घरात उरलेल्या पैशांवर ते सहकुटुंब युरोपला गेले आणि दोन वर्षं राहिले. केमिस्ट्री तर शिकलेच, पण त्यांनी फ्रान्स आणि जर्मनीतल्या शाळा, पॉलिटेक्निक, प्रयोगशाळा बारकाईने बघितल्या. कारखान्याला लागणारा माणूस कसा तयार होतो, त्याला खर्च किती येतो, सरकार काय करतं, सगळं. तिथे असतानाच त्यांना लोवेल इथल्या मेरिमॅक कंपनीच्या कापड गिरणीचा सुपरिंटेंडेंट व्हायची ऑफर आली. पगार प्राध्यापकापेक्षा भरपूर जास्त. हातात दुसरं काही नसताना एलियटनी ती नाकारली! आपल्याला शिकवायचंय, एवढंच त्यांना पक्कं ठाऊक होतं. आणि लवकरच, १८६५ मध्ये, बोस्टनला नुकत्याच सुरू झालेल्या एमआयटीतून बोलावणं आलं.

एमआयटीमध्ये त्यांनी फ्रान्सिस स्टोरर यांच्याबरोबर अकार्बनी रसायनशास्त्राचं पुस्तक लिहिलं, ज्यात विद्यार्थ्याने स्वतः प्रयोग करत शिकायचं होतं. आज आपण लॅब मॅन्युअल मित्राच्या जर्नलमधून उतरवून काढतो, तेव्हा या पुस्तकाच्या लेखकांची मनातल्या मनात क्षमा मागायला हरकत नाही. १८६९ मध्ये त्यांनी एका नामवंत मासिकात नव्या शिक्षणावर दोन लेख लिहिले. इंजिनीअर, केमिस्ट, कारखानदार व्हायचं असलेल्या मुलाला कसं शिकवावं, यावर युरोपात पाहिलेलं सगळं त्यात ओतलं. हे लेख गाजले. आणि ज्या हार्वर्डने सहा वर्षांपूर्वी खुर्ची दिली नव्हती, त्याच हार्वर्डने थेट अध्यक्षपद देऊ केलं. वय ३५!

पण सुखासुखी नाही. देखरेख मंडळाने नाव आधी परत पाठवलं. केमिस्ट्रीवाला, इतका तरुण, त्यात सगळ्या जुन्या पद्धतींवर टीका करणारा... काही मंडळींचा विरोध होता. आणि हे चालू असतानाच, १८६९ च्या मार्चमध्ये, त्यांची पत्नी एलेन क्षयाने गेली. घरात दोन लहान मुलगे. त्या वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये एलियट अध्यक्षपदावर आले आणि पुढची ४० वर्षं तिथून हलले नाहीत.

अध्यक्ष झाल्यावर त्यांनी काय केलं, हे एका वाक्यात सांगायचं तर: विद्यार्थ्याला निवडू दिलं. भाषा मोठी की विज्ञान, क्लासिक्स की गणित, असली भांडणं त्यांनी बाजूला ठेवली. सगळं असू द्या आणि उत्तम दर्जाचं असू द्या, काय घ्यायचं ते विद्यार्थी ठरवेल, अशी त्यांची भूमिका. आणि हे एका रात्रीत नाही केलं. आधी १८७२ मध्ये शेवटच्या वर्षाच्या मुलांवरची विषयांची सक्ती काढली. १८७९ मध्ये तिसऱ्या वर्षाची. १८८४ मध्ये दुसऱ्या वर्षाची. प्राध्यापक ओरडत राहिले आणि हे एकेक वर्ष मोकळं करत राहिले. १८९७ पर्यंत अशी वेळ आली की पहिल्या वर्षीचं इंग्रजी लेखन सोडलं तर हार्वर्डमध्ये सक्तीचं असं काही उरलंच नव्हतं. प्रार्थनेची सक्तीसुद्धा १८८६ मध्ये गेली होती.

मेडिकल स्कूलची गोष्ट तर ऐकण्यासारखी आहे. तिथे तोंडी परीक्षा घेऊन डॉक्टर बनवत असत. एलियटनी लेखी परीक्षा घ्यायचं काढलं, तर सर्जरीच्या प्राध्यापकांनी हरकत घेतली की अर्ध्याहून अधिक मुलांना धड लिहिता येत नाही, ते लेखी परीक्षा काय देणार! म्हणजे ज्यांना लिहिता येत नाही, ते माणसं कापत होते. एलियटनी १८७१ पासून तीन वर्षांचा पायरीपायरीने चढत जाणारा अभ्यासक्रम लावला आणि सगळे मुख्य विषय पास होणं सक्तीचं केलं. म्हणजे मोकळीक कुठे द्यायची आणि सक्ती कुठे करायची, हे त्यांना कळत होतं.

आता इथे आपल्या क्रेडिटचा प्रश्न जन्माला येतो. नीट बघा. जेव्हा सगळी मुलं सगळे विषय सारखे शिकतात, तेव्हा पदवी कुणाला द्यायची हे सोपं असतं. चार वर्षं बसला, पास झाला, घे. पण जेव्हा एक जण ग्रीक घेतो, दुसरा भूगर्भशास्त्र आणि तिसरा राज्यशास्त्र, तेव्हा तिघांचं शिक्षण सारखं झालं हे ठरवायचं कसं? मग कोर्स मोजावे लागतात. निवड आली की मोजणी आली. एलियटनी पुढच्या दाराने स्वातंत्र्य आत घेतलं आणि त्याच्याबरोबर मागच्या दाराने कारकून आत आला!

कॉलेजातली मोकळीक शाळांपर्यंत पोहोचायला वेळ लागला नाही. त्या वेळी प्रत्येक कॉलेजच्या प्रवेशाच्या अटी वेगळ्या. एकाला ही लॅटिन पुस्तकं हवीत, दुसऱ्याला ती. एकाच वर्गातली चार मुलं चार कॉलेजांना जाणार असतील तर हेडमास्तरांचं डोकं फिरायचं. म्हणून १८९२ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय शिक्षण संघटनेने दहा जणांची एक समिती नेमली. अध्यक्ष एलियट. ती दहांची समिती म्हणूनच इतिहासात ओळखली जाते. तिने विषयवार नऊ परिषदा भरवल्या, प्रत्येकीत दहा जाणकार, आणि हायस्कूलसाठी चार वर्षांचे चार कार्यक्रम आखले. क्लासिकल, लॅटिन-सायंटिफिक, आधुनिक भाषा आणि इंग्लिश. म्हणजे कुठल्या विषयाला आठवड्याला किती तास, किती वर्षं, हे कोष्टकात मांडलं. माझ्या बहिणीच्या त्या वाण्याच्या यादीची ही पणजी म्हणा.

पण त्या अहवालात कोष्टकांपेक्षा मोठी एक गोष्ट होती. समितीने एकमुखाने सांगितलं की एखादा विषय शाळेत शिकवायचा असेल तर तो सगळ्या मुलांना एकाच पद्धतीने, एकाच खोलीने शिकवा. मूल पुढे कॉलेजला जाणार आहे की दुकानात बसणार आहे, हे बघून बीजगणित बदलू नका. १८९० च्या सुमारास अमेरिकेत हायस्कूलच्या वयाच्या शंभर मुलांपैकी दहासुद्धा हायस्कूलमध्ये नव्हती आणि त्यातलीही मोजकीच कॉलेजला जाणार होती. अशा वेळी हे म्हणणं मला फार मोठं वाटतं. कारण आपल्याकडेही अमुक मुलाला हे झेपणार नाही, त्याला तमुक साइडला टाका, हे वाक्य प्रत्येकाने कधी तरी ऐकलेलं असतं. चौदा-पंधरा वर्षांच्या पोराचं भविष्य सांगायला शिक्षक काही ज्योतिषी नसतात.

यावर टीका भरपूर झाली. स्टॅन्ली हॉल या मानसशास्त्रज्ञांचं म्हणणं होतं की शाळेत येणाऱ्या मुलांत कमी कुवतीची मुलंच फार आहेत, त्यांना हा अभ्यास लादू नका. एलियटनी त्यांना ठणकावून उत्तर दिलं. आणि गंमत म्हणजे पुढे १९०८ मध्ये, औद्योगिक शिक्षणाच्या व्यासपीठावर, खुद्द एलियटच मुलांची लवकर वर्गवारी करण्याच्या बाजूने बोलून बसले! मोठी माणसंही स्वतःच्या सर्वोत्तम विचाराला दरवेळी जागतातच असं नाही.

पुढचं पाऊल परीक्षेचं. सगळ्या कॉलेजांची मिळून एकच प्रवेश परीक्षा असावी, हा एलियट यांचा जुना हट्ट. १९०० मध्ये कॉलेज बोर्ड स्थापन झालं आणि जून १९०१ मध्ये पहिली परीक्षा झाली. किती जण बसले असतील? अवघे ९७३! आज आपल्याकडे एका सेंटरवर याहून जास्त पोरं सीईटीला बसतात.

आणि आता क्रेडिटचा खरा वाढदिवस. यात एमआयटी आहे, कोर्ट आहे, आणि चक्क पेन्शन आहे.

एमआयटी आणि हार्वर्ड एक करावं, असं एलियटना अध्यक्ष झाल्यापासून वाटत होतं. त्यांनी अनेकदा प्रयत्न केले. १९०४-०५ मध्ये तर जवळजवळ जमलंच होतं. एमआयटीचे अध्यक्ष हेन्री प्रिचेट तयार होते. पण एमआयटीचे प्राध्यापक आणि माजी विद्यार्थी भडकले आणि १९०५ मध्ये मॅसॅच्युसेट्सच्या सर्वोच्च न्यायालयाने एमआयटीला तिची जागा विकता येणार नाही असा निकाल दिल्यावर तो बेत बारगळला. म्हणजे कोर्टाने अडवलं नसतं तर आज आपल्याला एमआयटी हे नाव कदाचित ऐकायलाही मिळालं नसतं! हे प्रिचेट लवकरच एमआयटी सोडून दुसरीकडे गेले. अँड्र्यू कार्नेगी या पोलादसम्राटाने १९०५ मध्ये एक कोटी डॉलर काढून दिले होते, कॉलेजच्या म्हाताऱ्या प्राध्यापकांना पेन्शन द्यायला. त्यासाठी काढलेल्या कार्नेगी फाउंडेशनचे प्रिचेट अध्यक्ष झाले आणि विश्वस्त मंडळाचे प्रमुख झाले आपले एलियट.

आता पेन्शन द्यायचं तर कुणाला? अमेरिकेत कुणीही पाटी लावून कॉलेज काढत होतं. (ओळखीचं वाटतंय ना?) म्हणून फाउंडेशनने कॉलेज कशाला म्हणायचं हे ठरवलं. निदान सहा पूर्णवेळ प्राध्यापक हवेत, चार वर्षांचा अभ्यासक्रम हवा, आणि प्रवेशासाठी हायस्कूलची चार वर्षं पूर्ण केलेली हवीत. पण चार वर्षं पूर्ण म्हणजे काय? त्याला माप हवं. माप ठरलं: १४ युनिट. एक विषय, आठवड्यातून पाच तास, वर्षभर, म्हणजे साधारण १२० तास. झालं एक युनिट. यालाच कार्नेगी युनिट म्हणतात.

बघा कशी साखळी आहे! प्राध्यापकाला पेन्शन हवं, म्हणून कॉलेजला १४ युनिटची अट घालावी लागली. कॉलेजची अट, म्हणून हायस्कूलला युनिटमध्ये शिकवावं लागलं. आणि हायस्कूलचं बंधन, म्हणून पोराने बाकावर किती तास काढले ते मोजलं जाऊ लागलं. पेन्शनची ती योजना नंतर पैशाअभावी बदलावी लागली. माप मात्र राहिलं.

मेकॅनिकलवाल्या मित्रांसाठी एक खास बाब. १९१० मध्ये याच फाउंडेशनने मॉरिस कुक नावाच्या मेकॅनिकल इंजिनीअरला कॉलेजांची कार्यक्षमता तपासायला सांगितली. हे कुक म्हणजे आपल्या इंडस्ट्रियल इंजिनीअरिंगच्या पुस्तकातल्या एफ. डब्ल्यू. टेलर यांचे चेले. टाइम स्टडीवाले! त्यांनी कॉलेजच्या उत्पादनाचं एकक सुचवलं, स्टुडंट अवर. एका विद्यार्थ्याने वर्गात किंवा लॅबमध्ये घालवलेला एक तास. कारखान्यात मशीन अवर मोजतात तसंच. एलियट गिरणीचे सुपरिंटेंडेंट झाले नाहीत, पण गिरणीचा हिशेब शेवटी कॉलेजात आलाच.

एलियट १९०९ मध्ये ७५ व्या वर्षी निवृत्त झाले. जाता जाता त्यांची एक लढाई अर्धी राहिली. ज्याला जमतं त्याने चार वर्षांची पदवी तीन वर्षांत घ्यावी, असं त्यांचं मत होतं आणि त्यांच्या काळात अनेकांनी तसं केलं. पुढे राष्ट्राध्यक्ष झालेले फ्रँकलिन रूझवेल्ट त्यातलेच. एलियट यांचे दूरचे नातलग असलेले कवी टी. एस. एलियट हेही त्यातलेच. पण नंतर आलेले अध्यक्ष लॉवेल यांना हा प्रकार मुळीच पसंत नव्हता. त्यांचा आक्षेप असा की मोकळीक दिली की पोरं सोपे विषय शोधतात. उशिरा उठता येईल असं टाइमटेबल शोधतात. त्यांनी एका विषयात खोली आणि बाकीच्यांत थोडा विस्तार, असा नियम परत आणला. आता प्रामाणिकपणे सांगा, लॉवेल चूक होते का? ओपन इलेक्टिव्हचा फॉर्म आला की आपल्या ग्रुपवर पहिला मेसेज कुठला पडतो? यात स्कोरिंग कुठला आहे रे?

एलियट देवमाणूस नव्हते. मुलींना हार्वर्डमध्ये मुलांबरोबर शिकवायला ते राजी नव्हते. त्यांच्या काळात मुलींसाठी शेजारी वेगळं रॅडक्लिफ कॉलेज उभं राहिलं ते म्हणूनच. कामगार संघटनांना त्यांचा विरोध होता. वंशशुद्धीच्या तेव्हाच्या विचारांनाही त्यांनी पाठिंबा दिला, आणि तो आज वाचताना राग येतो. दुसरीकडे त्यांच्याच कारकिर्दीत, १८९५ मध्ये, डब्ल्यू. ई. बी. डुबॉइस हे हार्वर्डची पीएच.डी. मिळवणारे पहिले कृष्णवर्णीय विद्वान ठरले. माणूस सरळ रेषेत बसत नाही.

त्यांच्या थंडपणाच्या कथा पुष्कळ आहेत. पण एक गोष्ट वाचून मी थांबलो. त्यांचा थोरला मुलगा चार्ल्स, उद्यानांची रचना करणारा गुणी माणूस, १८९७ मध्ये वयाच्या ३७ व्या वर्षी गेला. हार्वर्डसारखं विद्यापीठ चालवत असताना या बापाने मुलाची टिपणं, पत्रं, आराखडे गोळा केले आणि त्याचं मोठं चरित्र लिहून १९०२ मध्ये छापलं. थंड माणसाचं काम नव्हे ते.

निवृत्तीनंतर त्यांनी हार्वर्ड क्लासिक्स ही ५० खंडांची माला निवडून दिली. पाच फुटांच्या फळीवर मावतील इतकी पुस्तकं रोज थोडी थोडी वाचली तर कॉलेजात न गेलेला माणूसही सुशिक्षित होईल, ही त्यामागची कल्पना. क्रेडिट नाही, परीक्षा नाही, हजेरी नाही! २२ ऑगस्ट १९२६ रोजी, ९२ व्या वर्षी, मेन राज्यातल्या नॉर्थईस्ट हार्बरला त्यांचं निधन झालं.

त्यांच्यामागे गोष्ट चालूच राहिली. १९५० नंतर अमेरिकेत पुन्हा प्रश्न आला की हुशार मुलं शाळेच्या शेवटच्या वर्षी आणि कॉलेजच्या पहिल्या वर्षी तेच तेच का शिकतात? त्यातून कॉलेज बोर्डाने १९५६ पासून एपीच्या परीक्षा घ्यायला सुरुवात केली. १ ते ५ गुण, आणि ३ किंवा जास्त मिळाले तर पुष्कळ कॉलेजं क्रेडिट देतात. तीन वर्षांत पदवी हे एलियटचं स्वप्न असं शाळेच्या खिडकीतून परत आलं. पण सगळ्यांना सारख्याच खोलीचं शिक्षण, हे दुसरं स्वप्न? ज्या शाळेत एपी शिकवायला शिक्षकच नाही, तिथल्या मुलाने काय करायचं, हा प्रश्न तिथे आजही आहे.

आपल्याकडे हे वारं आलं ते एका वाटेने आयआयटी कानपूरमधून. १९६२ ते १९७२ या दहा वर्षांत नऊ अमेरिकन संस्थांनी मिळून त्या संस्थेला मदत केली आणि त्यात एमआयटी होती. सेमिस्टर, ग्रेड, इलेक्टिव्ह हे सगळं तिथे रुळलं. एआयसीटीईच्या २०१८ च्या नमुना अभ्यासक्रमात आपल्या पदवीची किंमत १६० क्रेडिट ठरली आणि ज्याला ऑनर्स किंवा मायनर हवं त्याला वर साधारण २० क्रेडिट. २०२१ मध्ये तर क्रेडिटची बँकच निघाली! आणि गंमत अशी की ज्या कार्नेगी फाउंडेशनने हे माप जगाला दिलं, तेच आता तास मोजण्यापेक्षा कौशल्य मोजायचा मार्ग शोधतंय. त्यासाठी २०२३ मध्ये त्यांनी जीआरई-टोफेलवाल्या ईटीएसशी हातमिळवणीही केली.

या सगळ्यातून मला एवढं कळलं की क्रेडिट हे शिक्षणाचं माप म्हणून जन्मलंच नव्हतं. ती हिशेबाची सोय होती. आपण तिला शिक्षण समजलो, हा दोष तिचा नाही. मोजायची गोष्ट वेगळी आणि मिळवायची वेगळी. एलियटना कुकच्या लॅबमध्ये जे मिळालं, त्याला एकही क्रेडिट नव्हतं.

ऑनर्सची ती २० क्रेडिट घ्यायची की नाही, हे मी अजून ठरवलेलं नाही. पण तुमच्यापुढे पुढच्या सेमिस्टरला इलेक्टिव्हचा फॉर्म येईल तेव्हा सही ठोकण्याआधी पाच मिनिटं तरी त्याच्याकडे बघा. सर मार्क किती देतात हे बघाच, मी काही संत नाही. पण सिलॅबसही एकदा वाचा. एका माणसाने एकेक वर्ष मोकळं करत पंचवीस वर्षं भांडून तो कागद मिळवला आहे. त्याच्या आधीच्या पोरांना तो जवळजवळ मिळतच नव्हता.